फिरते घर आणि आकाशातला खुंटा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी स्मित केले असेल, असा आम्हांस दाट संशय आहे. ‘फिरत्या घरातील उपग्रह-दूरचित्रवाणी’ हा काय वसंत व्याख्यानमालेचा विषय झाला? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्त, इतिहास, शेती, अर्थकारण असे भारदस्त विषय येत राहिले, आणि आम्ही मात्र आपल्यापुढे एक पत्र्याची छत्री घेऊन उभे राहिलो आहोत. तरी आपण घटकाभर धीर धरावा. या छत्रीखाली आपल्याच तालुक्यातील हजारो माणसे येतात, हे आम्ही शेवटपर्यंत दाखवून देऊ.

विषय सुचला तो प्रसंग आधी सांगतो. आखाजी तोंडावर आली की चरणमाळ घाटाने मालमोटारी वर येऊ लागतात. बारडोलीकडचा, सुरत जिल्ह्यातला ऊस तोडून आपली माणसे परत येत असतात. अशीच एक मोटार आम्ही उभी असलेली पाहिली. तीत पत्र्याच्या पेट्या होत्या, जळणाच्या मोळ्या होत्या, कोंबड्यांचा डालगा होता, एक शेळी होती, झोपलेली दोन मुले होती. आणि सर्वांच्या वर, गोधडीत नीट गुंडाळून दोरीने आवळलेली दूरचित्रवाणीची छत्री होती. शेळीपेक्षा तिची बडदास्त अधिक! आम्ही सहज चौकशी केली. त्या तरुणाने उत्तर देण्याऐवजी आम्हांलाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आठे दिखस, तठे दिखत नही, भाऊ.” येथे घरी चित्र स्वच्छ दिसते, तेथे पडावावर मात्र आठ-आठ दिवस खटपट करूनही दिसत नाही, मग कोणी जाणता येतो, पैसे घेतो, छत्री थोडी हलवितो आणि चित्र येते. पुढे पडाव हलला की पुन्हा तीच गत. असे का होते?

आम्ही त्या वेळी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही, हे कबूल केले पाहिजे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, थोडे उशिरा आलेले उत्तर आहे.

फिरते घर म्हटले की वाचलेल्या लोकांच्या डोळ्यांपुढे कॅरॅव्हॅन येते. आत पलंग, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी आणि छपरावर उपग्रहाकडे आपोआप तोंड वळविणारी छत्री, असा हा थाट. युरोपात अशा गाड्या घेऊन निवृत्त माणसे महिनेच्या महिने प्रवास करतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हौशी मंडळींनी अशा गाडीतून कोकण पाहावे, अजिंठा पाहावा. त्यात वावगे काही नाही. परंतु चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याला परदेशातून आणावी लागलेली नाही. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरत आले. तमाशाचे फड मोटारींतून गावोगाव हिंडतात. आणि ऊसतोड्या तर वर्षातले पाच-सहा महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊनच जगतो. दक्षिण गुजरातेत या मजुरांना सरसकट ‘खानदेशी’ म्हणतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव नाही, गाव नाही; हत्यार हेच त्याचे नाव! यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या लोकांचा अभ्यास केला. त्यांचे जिणे किती खडतर आहे, हे त्याने जगापुढे मांडले. आपण मात्र त्यांना रस्त्याने जाताना पाहतो आणि मोटार धूळ उडवून गेली की नाकाला रुमाल लावतो.

असो. आता आकाशाकडे वळू.

विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिला पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती एकाच जागी खिळल्यासारखी वाटते. या उंचीवर तीन ठाणी ठेवली तर जवळजवळ सर्व जगाला संदेश पोहोचविता येतील, हा विचार आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली सविस्तर मांडला. त्या वेळी ती कल्पनाच होती. तीस वर्षांनी ती आपल्या देशातील खेड्यांत उतरली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह आपण वापरावयास घेतला आणि सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसविले. त्या संचांच्या छत्र्या कशाच्या होत्या, ठाऊक आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या! तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री, आणि तिने आकाशातील चित्र खेड्यातल्या चावडीवर आणले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता; आपली पाळी पुढे इन्सॅटच्या काळात आली.

याच मालिकेतील एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९८१ साली भारताचा ‘अ‍ॅपल’ हा दळणवळणाचा उपग्रह उडण्यापूर्वी त्याच्या अँटेनाची परीक्षा घ्यावयाची होती. जवळपास लोखंड असले तर लहरी त्यावर आपटून परत येतात आणि मोजमाप बिघडते. म्हणून शास्त्रज्ञांनी एक बैलगाडी भाड्याने आणली आणि तिच्यावर उपग्रह ठेवून मोकळ्या मैदानात नेला. ते चित्र पाहून परदेशातील काही लोक हसले. वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नव्हते. लाकडी गाडी हेच तेथे योग्य उपकरण होते. १९ जून १९८१ रोजी तो उपग्रह आकाशात गेला. आम्हांला या चित्राचे महत्त्व वेगळे वाटते. बैलगाडी आणि उपग्रह यांची गाठ आपल्या देशात अशी आरंभीच पडली आहे. मग उसाच्या गाडीवरचा माणूस त्या उपग्रहापासून दूर का राहावा?

आता त्या तरुणाचा प्रश्न घेऊ. आपली सरकारी विनाशुल्क सेवा, डी. डी. फ्री डिश, ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पिंपळनेर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर. भूमितीने हिशेब केला तर येथून तो उपग्रह पूर्व आणि दक्षिण यांच्या अगदी मधोमध, म्हणजे आग्नेयेला दिसला पाहिजे, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. आपल्या वाडवडिलांनी आग्नेय दिशा चुलीला दिली. पिंपळनेरच्या घरात तीच दिशा छत्रीचीही असावी, हा गमतीदार योग आहे. लहर तेथून येथवर सुमारे ३६,७०० किलोमीटर चालून येते. हे अंतर तोडून आलेली लहर इतकी क्षीण असते की छत्रीने ती गोळा करून एका बिंदूवर आणल्याखेरीज संचाला तिचा पत्ताच लागत नाही.

पिंपळनेरहून बारडोलीला गेल्याने या दिशेत किती फरक पडतो? आम्ही हिशेब करून पाहिला. दिशेत जेमतेम दीड अंश, उंचीत एक अंश! म्हणजे ‘आठे’ आणि ‘तठे’ यांत आकाशाच्या दृष्टीने जवळजवळ भेदच नाही. कोल्हापूरकडे गेले तर दिशा सहा अंशांनी आणि उंची तीन-साडेतीन अंशांनी बदलते. तेथे नव्याने नेम धरावाच लागेल. पण सुरतेकडे जाणाऱ्या आपल्या माणसाची अडचण अंतराची नाही. त्याची अडचण बैठकीची आहे.

ती कशी, ते पाहा. साठ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीची दृष्टी फार अरुंद असते. या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्या हिशेबाने छत्रीचे दृष्टिक्षेत्र सुमारे तीन अंशांचे भरते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. असे सहा चंद्र एका ओळीत मांडावेत, एवढीच तिची खिडकी. नेम मध्यापासून दीड अंश ढळला की मिळणारी शक्ती निम्मी होते. घराच्या भिंतीला पक्की बसविलेली छत्री ढळत नाही. पण गाडीच्या छपरावर बसविलेली? दीड मीटर रुंदीच्या गाडीचे एका बाजूचे चाक चार सेंटिमीटर मातीत रुतले की गाडी दीड अंश कलते. चार सेंटिमीटर म्हणजे दोन-तीन बोटे! उसाच्या ओल्या फडाजवळ दोन बोटे चाक रुतणे म्हणजे काय मोठी गोष्ट? आणि गाडी नुसती वळवून उभी केली तर छत्री आग्नेय सोडून भलत्याच दिशेला तोंड करते, हे सांगावयास नकोच.

श्रीमंतांच्या कॅरॅव्हॅनने ही अडचण कशी सोडविली, तेही ऐकण्यासारखे आहे. तेथे तीन प्रकारची साधने आहेत. पहिले साधन हाताचे. छपरातून वर आलेला दांडा आतूनच फिरवून, वर-खाली करून उपग्रह शोधावयाचा आणि निघण्यापूर्वी छत्री छपरावर निजवावयाची. ती निजविण्यास विसरून गाडी हाकणारे महाभाग तेथेही असतात, आणि पहिल्या कमानीखाली त्यांची छत्री कायमची निजते. दुसरे साधन आपोआप चालणारे. कळ दाबली की लहान मोटारी छत्री उभी करतात, गाडी किती कलली आहे हे एक यंत्र मोजते, ठिकाण उपग्रहांकडूनच कळते, आणि मग छत्री आकाश चाचपडत हवा तो उपग्रह सापडल्यावर थांबते. तिसरे साधन सर्वांत कठीण. गाडी धावत असताना प्रत्येक वळणावर छत्रीने उलट वळून नेम राखावयाचा. ती प्लॅस्टिकच्या घुमटाखाली किंवा सपाट पाटासारखी असते. चालत्या बोटींवरही हीच योजना असते. पुलाखाली, झाडीखाली चित्र तुटते ते तुटतेच. त्याला इलाज नाही. या आपोआप चालणाऱ्या साधनांची किंमत चांगल्या मोटारसायकलीइतकी किंवा तिच्याहूनही अधिक पडते.

मग आपल्या माणसाने काय करावे? आमचे उत्तर असे की, त्याने छत्री गाडीवर बसवूच नये. गाडी फिरती राहू द्यावी, छत्री जमिनीवर रोवावी. घर चालते, तरी खुंटा एका जागी असतो. गुराख्याला हे सांगावे लागत नाही.

यातली किल्ली एका साध्या वस्तूत आहे, आणि ती प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असते. ती वस्तू म्हणजे ओळंबा. छत्रीचा खांब ओळंब्यात अगदी सरळ उभा असला, तर छत्रीची वरची चाल, म्हणजे ५७ अंशांची उंची, एकदा घरी जमविली की ती तशीच राहते. तेथे कडीवर तारेने एक रेघ ओढून ठेवावी. बारडोलीला एक अंशाचा फरक पडेल, तो खिडकीत सामावतो. चित्र आल्यावर केसभर सरकवून घ्यावा. मग पडावावर उरते एकच काम. खांबाभोवती छत्री सावकाश आग्नेयेकडे फिरवावयाची. दोन अज्ञातांचे गणित एका अज्ञाताचे झाले! खांब कलता असला तर मात्र फिरविता फिरविता उंचीही बदलत जाते, आणि माणूस आठ दिवस आकाश धुंडाळीत बसतो. त्या तरुणाच्या आठ दिवसांचे रहस्य बहुधा हेच होते.

आता दिशा नेमकी कशी सापडावी? होकायंत्र घेऊन मोटारीजवळ उभे राहिले तर लोखंड सुईला ओढते आणि फसविते. ‘अ‍ॅपल’साठी बैलगाडी आणली, त्याच्या मुळाशीही लोखंडाचा उपद्रवच होता. सूर्यासारखा निष्पक्षपाती पंच दुसरा नाही. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या आरंभी आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सूर्य आकाशात फिरता फिरता आपल्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते, कारण सूर्य हाही लहरींचा प्रचंड उगम आहे. लोक त्याला बिघाड समजतात. आम्ही त्याला पंचांगातला मुहूर्त म्हणतो. पिंपळनेरसाठी हा मुहूर्त २ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराला सात मिनिटे कमी असताना येतो. त्या वेळी हातात एक सरळ काठी घ्यावी आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत ती कलती करावी. ज्या क्षणी काठीची सावली तिच्या पायाशीच मिटते, त्या क्षणी काठीचे टोक थेट उपग्रहाकडे रोखलेले असते. एवढ्या मोठ्या शास्त्राचे सार काठीभर! त्या दिवशी गांधी जयंती असते, शाळांतून मुले जमलेलीच असतात. दसरा-दिवाळीनंतर त्यांतील कितीतरी मुले आईबापांबरोबर घाट उतरणार असतात. त्यांना त्या सकाळी हा प्रयोग करून दाखविला, तर पडावावर छत्री लावणारा जाणता मनुष्य त्यांच्यातच तयार होईल.

दोन-चार बारीक गोष्टी येथेच सांगून टाकतो, कारण नेम बरोबर असूनही चित्र न येण्याची कारणे त्यांत असतात. पहिली म्हणजे आपल्याकडच्या छत्र्या तिरक्या बेताच्या असतात. त्यांचे तोंड ज्या उंचीकडे दिसते, त्याहून बावीस-पंचवीस अंश वर त्या पाहत असतात. म्हणून ‘ही तर फारच खाली पाहते’ असे वाटून कोणी ती उताणी करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावर जे डबीसारखे यंत्र असते, ज्याला एलएनबी म्हणतात, ते स्वतःभोवतीही फिरवावे लागते. लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारांनी येतात. उपग्रह आपल्या पूर्वेला असल्यामुळे त्या आपल्याला तिरप्या झालेल्या मिळतात, आणि भूमितीच्या हिशेबाने येथे हा तिरपेपणा चाळीस अंशांच्या घरात आहे. तिसरी गोष्ट विजेची. संचाची पेटी त्या डबीला तारेतूनच वीज पाठविते. १३ व्होल्ट पाठविले की ती उभ्या लहरी घेते, १८ पाठविले की आडव्या. तार फार लांब, जोड गंजलेला किंवा बॅटरी उतरलेली असली की १८ चे १८ पोहोचत नाहीत, आणि आडव्या लहरींवरच्या वाहिन्या दिसत नाहीत. अशा वेळी छत्रीला हात न लावता आधी जोड घासून पाहावा.

झाडाविषयी एक शब्द. आपल्याकडे उपग्रह उंच आहे हे आपले भाग्य. छत्रीहून दहा मीटर उंच असलेले लिंबाचे झाड साडेसहा मीटरांवर असले तरी छत्री त्याच्या शेंड्यावरून पाहू शकते. नॉर्वेतील ऑस्लो येथे त्यांचा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम वीस-बावीस अंश वर असतो; तेथल्या कॅरॅव्हॅनवाल्याला त्याच झाडापासून पंचवीस मीटर दूर सरकावे लागते. सावलीसाठी झाडाखाली कोपी घालणाऱ्या आपल्या माणसाला सावलीही मिळेल आणि चित्रही मिळेल, फक्त छत्री झाडाच्या आग्नेय बाजूला रोवावी.

विजेचा हिशेबही अवघड नाही. बारा व्होल्टांवर चालणारा लहान संच आणि त्याची पेटी मिळून साधारण चाळीस वॅट वीज खातात. रोज तीन तास पाहिले तर १२० वॅट-तास झाले; म्हणजे बॅटरीतून दहा अँपिअर-तास. खानदेशच्या उन्हात शंभर वॅटचा एक सौर पत्रा दिवसाकाठी याच्या दुपटी-तिपटीने वीज देतो. संचाबरोबर दोन दिवे आणि भ्रमणध्वनीही त्यावर चालतील. शिवाय ऊसतोडीचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा. या लहरींना जोराचा पाऊस सोसत नाही. पण आपला माणूस पडावावर असतो तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. निसर्ग एवढी सवलत त्याला देतो.

येथे कोणी विचारील की, अहो, हल्ली प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, त्यावर चित्र दिसते, मग या छत्रीचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु भ्रमणध्वनीला मनोरा जवळ लागतो, दर महिन्याला पैसे लागतात, आणि तो एकाच माणसाचे डोळे गुंतवितो. फ्री डिशची उपकरणे एकदा घेतली की महिन्याचे भाडे नाही, आणि एक छत्री साऱ्या पडावाला पुरते. दहा कोप्यांची मुले एका संचापुढे बसतात, त्यांत शेजार असतो, भांडण असते, हसू असते. ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दूरचित्रवाणीने गरिबाचे काय भले झाले? तो दिवसभर राबतो आणि रात्री खोट्या श्रीमंतीच्या मालिका पाहतो. हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. छत्रीतून जसे पाणी येईल तसेच ते प्यावे लागते, आणि पुष्कळदा ते गढूळ असते. पण म्हणून विहिरीच्या काठावरून माणसाला हाकलून द्यावयाचे काय? पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी निघाली आणि २०१७ साली बंद पडली. चांगले पाणी देणारा एक झरा आपणच बुजविला. २०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या तेव्हा तिची आठवण अनेकांना झाली असेल. त्या वर्षी ‘टिलीमिली’ ही मराठी मालिका सह्याद्री वाहिनीवरून मुलांपर्यंत गेली, केंद्र शासनाने ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ या योजनेखाली बारा शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून दिल्या, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्यांची संख्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा झाली. म्हणजे शाळा आकाशात आहे. ती पिंपळनेरवरही आहे आणि बारडोलीच्या उसाच्या फडावरही आहे. खाली छत्रीचा नेम मात्र कोणी तरी धरून द्यावा लागतो.

शाळा जमिनीवर आहे तेथेच भिंत पाहिजे, हजेरीपट पाहिजे, शिक्षक पाहिजे; पडदा हा शिक्षकाची जागा घेत नाही, हे आम्ही पुन्हा एकदा स्पष्ट सांगतो. मुलाला गावी वसतिगृहात ठेवून शिकविता आले तर ते केव्हाही उत्तमच. पण जे मूल आज रात्री पडावावर आहे, त्याचे काय? ते मूल ‘गैरहजर’ या एका शब्दात सहा महिने बुडून जाते. आपल्या साऱ्या व्यवस्थेला स्थिर घराची सवय झाली आहे. पत्ता विचारला की ती निम्म्या माणसांना ओळखतच नाही. आकाशातील तो उपग्रह मात्र कोणाला पत्ता विचारीत नाही. तो म्हणतो, तू कोठेही राहा, माझ्याकडे तोंड कर म्हणजे झाले. साऱ्या व्यवस्थेत त्याच्याइतका समदर्शी अधिकारी आम्ही पाहिला नाही.

म्हणून समारोपात एकच सूचना करतो, आणि ती फार खर्चाची नाही. जेथे जेथे आपल्या तालुक्यातील माणसांचे पडाव वर्षानुवर्षे पडतात, तेथे सिमेंटमध्ये पक्का रोवलेला, ओळंब्यात सरळ उभा असा लोखंडी नळाचा एकेक खांब असावा, आणि त्यावर आग्नेयेची एक ठळक खूण रंगविलेली असावी. कारखान्यांनी हे करावे, मुकादमांनी करावे. त्यांनी न केले तर आपण येथल्या मंडळींनी त्यांच्याकडे लकडा लावावा. आपल्या माणसाने घरून छत्री आणावी, खांबावर बसवावी, रेघ जुळवावी, खुणेकडे वळवावी. चहा होईपर्यंत चित्र आलेले असेल. तसेच आपल्या गावी, नदीकाठी जेथे ठेलाऱ्यांचे वाडे बसतात तेथेही एक खांब असावा. पाहुण्यासाठी ओट्यावर पाण्याचा माठ ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि येत्या २ ऑक्टोबरला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आम्ही येथेच नदीकाठच्या मोकळ्या जागेत एक काठी घेऊन उभे राहणार आहोत. आकाश स्वच्छ असले तर सावली मिटताना आपल्याला दिसेल. त्या तरुणाची गाठ पडली तर त्यालाही आणणार आहोत. त्याचे उत्तर आम्ही देणे लागतो. आपणही यावे, मुलांना घेऊन यावे.